निर्वासित कुटुंब दारी आले, तर घरच्या डॉक्टराने काय करावे?

'निर्वासित' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९४७ साली सिंध-पंजाबातून घरदार सोडून आलेली माणसे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे आपल्याच गल्लीत राहू लागली. थंडी सुरू झाली की रस्त्याच्या कडेला स्वेटर मांडून बसणाऱ्या तिबेटी बायका आपण दरवर्षी पाहतो. मुंडगोडची तिबेटी वसाहत तर बेळगाव-हुबळीच्या लोकांना शेजारचीच. हैदराबादच्या बालापूर भागात ब्रह्मदेशातून पळून आलेली रोहिंग्या कुटुंबे ताडपत्रीच्या झोपड्यांत दिवस काढीत आहेत. अशा वस्तीतले एखादे मूल तापाने फणफणले, की आई त्याला प्रथम कोठे नेते? मोठ्या रुग्णालयात नव्हे. तेथे कागद विचारतील याची तिला धास्ती असते. ती जाते कोपऱ्यावरच्या लहान दवाखान्यात, म्हणजे आपल्या-तुपल्या घरच्या डॉक्टरकडे.

या डॉक्टरच्या हाती काय असते? दहा-पंधरा मिनिटे, परकी भाषा, जुना कागद एकही नाही, आणि समोर घाबरलेली आई. तरीही त्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य पुष्कळदा या पहिल्या दोन-तीन भेटींवर ठरते. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. आमचे वाचक डॉक्टर, परिचारिका आणि सिस्टर्स आहेत, तसेच साधे शेतकरी व गृहिणीही आहेत. सर्वांना समजेल असेच लिहिण्याचा आमचा प्रयत्न आहे.

इतिहासाने शिकविलेले चार धडे

पहिला धडा: उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढू नये. कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे आपल्यातील वयोवृद्धांनी ऐकले असेल. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, बहुतेक कॅथलिक. छावणीत त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, दवाखाना होता. छाती कमकुवत असलेल्या काही मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले होते. हे लोक गेल्यावर त्याच जागेवर सिंधी निर्वासित वसले. आज कापडाच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

हे पोलिश लोक वळिवड्यास पोहोचले तोवर त्यांचे हाल होऊन गेले होते. १९४०-४१ साली सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरियात व मध्य आशियात नेले. १९४२ साली लाखावर माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात, म्हणजे आजच्या अंझलीत, उतरली. उवांपासून होणारा टायफस ताप आणि हगवण यांनी ती पोखरली होती. कपडे जाळले, डोकी भादरली, आंघोळी घातल्या. रोग आटोक्यात आणण्यास हे उपाय योग्यच होते. पण दोन वर्षे पाव-तुकड्यावर जगलेल्या माणसांच्या ताटात चरबीचे मटण पडले, त्यांनी ते अधाशीपणे खाल्ले, आणि कित्येक जण दगावले. रोग आणि अशक्तपणा मिळून इराणात दोन हजारांवर पोलिश माणसांना मूठमाती मिळाली.

याचे कारण आज नीट समजले आहे. दीर्घ उपासाने शरीरातील पोटॅशियम, फॉस्फेट आणि 'ब' जीवनसत्त्व यांचे साठे संपत आलेले असतात. एकदम भरपूर अन्न मिळाले, की ते पचविण्याच्या कामी रक्तातील उरलेसुरले क्षार पेशींत ओढले जातात, आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून फार वाळलेल्या माणसाला पहिले काही दिवस थोडे थोडे, दर दोन-तीन तासांनी, हलके अन्न द्यावे आणि ते हळूहळू वाढवावे. अति कुपोषित मुलाला सुरुवातीला लोहाचे औषधही देऊ नये. मूल खाऊ लागले, वजन धरू लागले, की मग द्यावे.

दुसरा धडा: हवा बदलली आणि दाटी झाली, की क्षय डोके वर काढतो. १९५९ साली तिबेटातून सुमारे ऐंशी हजार माणसे भारतात आली. बारा-चौदा हजार फूट उंचीवरच्या कोरड्या थंडीतून ती एकदम आसामातील मिसामारीच्या छावणीच्या उकाड्यात आली. सुमारे दीड हजार भिक्षूंना उत्तर बंगालमधील बक्सा येथे ठेवले. ती जागा म्हणजे इंग्रजांच्या काळचा तुरुंग. ओल, दाटी आणि अपुरे अन्न यांनी तेथे क्षयाला आयतेच रान मिळाले, आणि कितीतरी भिक्षू खोकत खोकत गेले. पुढे १९६९ नंतर बक्साचे भिक्षू मुंडगोड व बैलकुप्पे येथे आले. मुंडगोडची वसाहत १९६६ साली वसली होती. तेथील तिबेट्यांनी जंगल तोडून शेती केली. सातूचे सातू खाणारी माणसे मका आणि भात पिकवू लागली.

क्षयाने मात्र त्यांची पाठ लवकर सोडली नाही. मठ आणि वसतिगृहे म्हणजे एका छताखाली अनेक जण. म्हणून २०१७ पासून धरमशाला येथील डेलेक रुग्णालयाच्या पुढाकाराने तिबेटी शाळांतून व मठांतून सरसकट तपासणीची मोहीम सुरू झाली. आजारी असलेल्यांना पुरा उपचार, आणि ज्यांच्या शरीरात क्षयाचे जंतू नुसते दबा धरून आहेत त्यांना तीन महिने प्रतिबंधक औषध, अशी तिची रीत आहे. रोगी दारी येण्याची वाट न पाहता रोग शोधत जावे, हा यातला बोध.

तिसरा धडा: आईच्या हातातील पेला सलाईनच्या बाटलीची बरोबरी करतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सरहद्दीवरील बोनगाव येथे पटकी पसरली. रुग्णालयाच्या जमिनीवर रोगी पसरलेले आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपलेले, अशी अवस्था. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा एक धाडस केले. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात त्यांनी पाणी करविले, तोटीच्या पिंपांत भरले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. तेथे शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रोग्यांत शेकडा चारच्याही खाली आले. आतड्यात ग्लुकोज शोषले जाते तेव्हा ते आपल्याबरोबर मीठ आणि पाणीही रक्तात घेऊन जाते. सारी किमया एवढीच. २०२२ साली डॉ. महालनबीस वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पण आज खेडोपाडी मिळणारी जीवनजलाची पुडी हेच त्यांचे खरे स्मारक होय.

चौथा धडा: लस चुकली की विसरलेले रोग परत येतात. ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार भागात आले. नोव्हेंबरात तेथे घटसर्प दिसू लागला. कितीतरी तरुण डॉक्टरांनी तोवर हा रोग केवळ पुस्तकात वाचला होता. मूळ गावी लसीकरणच नीट पोहोचले नव्हते, त्यात छावणीची दाटी. मग रोगाला आणखी काय हवे? हजारो संशयित रोगी निघाले, आणि लसीची मोठी मोहीम घेतल्यावरच तो आवरला. आपल्या हैदराबादेतही घटसर्प अजून पुरता गेलेला नाही, हे तेथील डॉक्टर जाणतात.

पहिली भेट कशी असावी?

पहिल्या भेटीत सर्व काही करण्याचा अट्टाहास नको. त्या दिवशी दोनच गोष्टी साधाव्यात: जिवावर बेतणारे काही नाही ना याची खात्री, आणि हे कुटुंब पुन्हा येईल इतका विश्वास.

दुभाष्या शोधावा. आई-बापाची भाषा न येणारा डॉक्टर सहसा घरातल्या शाळकरी पोरालाच मध्ये घालतो. हे टाळावे. आईच्या गर्भपाताची किंवा बापाच्या मारहाणीची गोष्ट दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वदवून घेणे बरे नव्हे. आणि आईही त्याच्यासमोर खरे सांगणार नाही. बाईसाठी शक्यतो बाईच दुभाषी असावी आणि नवऱ्याने बाहेर बसावे. कोणीच नसेल तर फोनवरून बोलणारा ओळखीचा माणूसही चालतो. डॉक्टरने बोलताना रोग्याकडे पाहावे, दुभाष्याकडे नव्हे. वाक्ये छोटी ठेवावीत. शेवटी, 'आता घरी जाऊन औषध कसे द्याल ते मला सांगा' असे विचारून समजले की नाही ते पाहावे. नुसत्या मान हलविण्यावर जाऊ नये. परक्या देशात माणूस भीतीनेही होकार देतो.

विचारायचे काय? कोठून निघालात, वाटेत कोठे कोठे राहिलात, किती दिवस, बरोबर कोण होते, आता कोण कोठे आहे. या चार प्रश्नांतून अर्धे निदान होते. जंगलातून आलेल्याला हिवताप, छावणीत वर्ष काढलेल्याला क्षय, बोटीतून आलेल्याला अन्नपाण्याचा अभाव. 'का पळालात' हा प्रश्न मात्र पहिल्या दिवशी नको. आपण पोलीस नव्हे. रोग्याने सांगितलेले दवाखान्याबाहेर जाणार नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. डॉक्टरच्या मनात ते असतेच, पण रोग्याला ते ऐकावयास हवे असते.

तपासणीचा क्रम

१. पोषण. सहा महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या दंडाचा घेर मोजावा. साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर दाबल्यास खड्डा पडणारी सूज असली, तर ते मूल अति कुपोषित समजावे आणि पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे. डोळ्यांच्या पापण्या व तळहात पाहून पांडुरोग ओळखावा. शक्य तेथे हिमोग्लोबिन तपासावे. पायांची हाडे वाकली असतील तर मुडदूस, अंधारात मूल अडखळत असेल तर 'अ' जीवनसत्त्वाची उणीव ध्यानात घ्यावी.

२. हगवण व जुलाब. जीवनजलाची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाला बरोबर झिंक द्यावे: रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बाळाला १०, दहा ते चौदा दिवस. अंगावरचे दूध बंद करू नये. अति कुपोषित मुलाला मात्र हे पाणी भराभर पाजू नये. त्याला रुग्णालयातच सांभाळावे.

३. खोकला. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटते वजन यांपैकी काहीही असेल तर थुंकी व छातीचा फोटो. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. एक रोगी सापडला की त्याच झोपडीतील बाकीच्यांना तपासल्यावाचून राहू नये. कुटुंब दुसरीकडे जाणार असेल तर औषधांची नोंद लिहून त्यांच्या हाती द्यावी. अर्धवट सोडलेला उपचार हा न घेतलेल्या उपचाराहून वाईट.

४. ताप. हिवतापाची रक्ततपासणी केल्याशिवाय गोळ्या देत सुटू नये. परतून येणारा हिवताप मुळापासून घालविण्यासाठी प्रायमाक्वीन देण्याआधी जी-सहा-पीडी या विकराची तपासणी करावी. त्याची उणीव असलेल्याच्या रक्तपेशी या औषधाने फुटतात.

५. लसी. कार्ड हरवले असेल, आठवत नसेल, तर टोचलेच नाही असे धरून आरंभ करावा. एखादी लस दोनदा टोचली गेली म्हणून बिघडत नाही. चुकली तर बिघडते. गोवर, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ आणि 'ब' प्रकारची कावीळ यांना पहिला मान. मोठ्या माणसांनाही घटसर्प-धनुर्वाताची लस लागते हे विसरू नये. गरोदर बाईला गोवराची लस देऊ नये.

६. जंत व कातडी. दोन वर्षांवरील मुलांना अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. खरूज असेल तर एकाला मलम देऊन भागत नाही. घरातील सर्वांनी एकाच रात्री लावावे, कपडे-अंथरुणे धुऊन कडक उन्हात टाकावीत. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे: स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत वर्षानुवर्षे मुकाट राहतो, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू केले की तो सर्व अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. उष्ण, दमट प्रदेशातून अनवाणी चालत आलेल्या माणसाला स्टेरॉइड देण्यापूर्वी याचा विचार करावा.

७. जुने आजार. निर्वासित म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साथीचे रोग येतात. पण पळताना रक्तदाबाची गोळी मागे राहिलेली असते, मधुमेहाच्या इंजेक्शनला बर्फ नसतो, अपस्माराचे औषध संपून महिने झालेले असतात. प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजावा, साखर पाहावी. झोपडीत शीतपेटी नाही म्हणून इन्शुलिन थांबवू नये. केनियातील दादाब छावणीच्या तापमानाचा अभ्यास करून २०२१ साली शास्त्रज्ञांनी दाखविले, की २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान राहिलेले इन्शुलिन चार आठवडे गुणकारी राहते. ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके येथे उपयोगी पडते. आपल्या आज्या लोणी असेच तर सांभाळीत.

दात आणि डोळे यांकडेही नजर टाकावी. किडक्या दाताने मूल जेवत नाही, आणि आपण मात्र टॉनिक लिहून देत राहतो.

बायकांसाठी वेगळा वेळ

पळापळीत सर्वांत जास्त सोसतात त्या बायका. पाळी कधी आली, दिवस गेले आहेत का, मूल नको असेल तर काही साधन हवे आहे का, हे प्रश्न एकांतात आणि हळुवारपणे विचारावेत. पुष्कळ जणींनी बाळंतपणाआधी एकदाही तपासून घेतलेले नसते. वाटेत किंवा छावणीत अत्याचार झाला असेल तर ती आपणहून सांगणार नाही. पोटदुखी, झोप न येणे अशी तक्रार घेऊन येईल. घटना ताजी असेल तर वेळ दवडू नये. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत आणि गर्भ राहू नये म्हणून गोळी पाच दिवसांच्या आत द्यावी लागते. अशा स्त्रीवर मोफत उपचार करणे हे २०१३ पासून सर्व रुग्णालयांवर, सरकारी असोत की खाजगी, कायद्याने बंधनकारक आहे.

मनाची जखम

रोहिंग्या बाई 'मला नैराश्य आले' असे म्हणत नाही. ती म्हणते, अंग दुखते, अंग जळते, 'अशांती' वाटते, 'चिंता' लागते. हे शब्द आपल्याला परके आहेत काय? आपल्याकडेही मनाचे दुखणे अंगाच्या वाटेनेच बाहेर येते. म्हणून सगळे तपास निर्दोष असूनही डोकेदुखी जात नसेल, तर झोप कशी लागते, भूक कशी आहे, जगावेसे वाटते का, हे विचारावे. जीव द्यावासा वाटतो का, असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते.

पण जखम उकरू नये. कॅनडातील डॉक्टरांनी २०११ साली स्थलांतरित व निर्वासित यांच्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत स्पष्ट म्हटले आहे, की झालेल्या अत्याचाराची सरसकट चौकशी करू नये. ती मदतीऐवजी अपाय करू शकते. रोगी स्वतः बोलला तर ऐकावे, लागेल तेवढे थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आणखी एक सूचना दिली: मोठ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेसाठी गुंगीच्या गोळ्यांची सवय लावू नये. दिनक्रम बसणे, मुले शाळेत जाणे, हाताला काम मिळणे आणि आपली भाषा बोलणारी चार माणसे भेटणे, याने जेवढे मन सावरते तेवढे गोळीने सावरत नाही. ज्यांचे तरीही सावरत नाही, त्यांना मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

कागद नाहीत, मग उपचार कसा?

ही शंका डॉक्टरांना येते, आणि ती साहजिक आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. काही निर्वासितांपाशी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचे कार्ड असते, काहींपाशी तेही नसते. परंतु जीविताचे रक्षण हा आपल्या घटनेतील हक्क केवळ नागरिकाचा नव्हे, तर कोणाही व्यक्तीचा आहे. चकमा निर्वासितांच्या बाबतीत १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. त्यांनी कोणत्या देशात राहावे, याचा वाद सरकार व न्यायालये पाहतील. ताप मोजण्यास आधारकार्ड लागत नाही.

पैशाच्या विचाराने उपचार तोडले की काय होते, याचे उदाहरण कॅनडाने दाखविले. १९७९ पासून त्या देशात खाजगी मंडळे व चर्चे निर्वासित कुटुंबांचा भार उचलीत आली आहेत. १९८६ साली निर्वासितांच्या सेवेसाठीचे नान्सेन पदक संपूर्ण कॅनडाच्या जनतेला मिळाले. त्याच देशाच्या सरकारने २०१२ साली निर्वासितांच्या औषधोपचारात मोठी कपात केली. तेव्हा रस्त्यावर उतरले ते तेथील डॉक्टर, आपल्या पांढऱ्या कोटांसह. २०१४ साली तेथील न्यायालयाने ही कपात क्रूर ठरविली, आणि २०१६ साली पूर्वीची सोय पुन्हा सुरू झाली. त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या चार महिन्यांत, पंचवीस हजारांवर सीरियन निर्वासित तेथे उतरले. कितीतरी कुटुंबांच्या वाट्याला घरचा डॉक्टर आणि शेजारची चार माणसे मिळून आली. एकट्या डॉक्टरने हे पेलत नाही; पण डॉक्टर आणि शेजार मिळून पेलते.

शेजाऱ्यांनी काय करावे?

हे सारे वाचून 'आम्ही काही डॉक्टर नव्हे' असे म्हणणाऱ्या वाचकांसाठी आमची छोटीशी यादी आहे. त्या कुटुंबाला दवाखान्याची वाट दाखवावी आणि पहिल्या वेळी बरोबर जावे. लसीच्या तारखा त्यांच्या भिंतीवर चित्राने लिहून द्याव्यात. औषध सकाळचे असेल तर सूर्य, रात्रीचे असेल तर चंद्र काढून चिठ्ठी करावी. धान्य देताना ती माणसे काय खातात ते आधी विचारावे. भात-मासळीवर वाढलेल्या कुटुंबापुढे नुसते ज्वारीचे पीठ टाकून उपयोग नाही. मुलाची आई ते शिजविणार कसे? वस्तीला चार हात जागा असेल तर माठ, पालक, पपई आणि एक शेवगा लावून द्यावा. शेवग्याची फांदीही मातीत रोवली की धरते, आणि पाल्यात मुलांना हवे ते पुष्कळ असते. सांडपाणी त्या झाडांकडे वळविले तर डासही घटतील. शेतावर त्यांना कामाला घेतले तर मजुरी इतरांइतकीच द्यावी. नडलेल्याला अर्ध्या दामात राबविणे आणि मग त्याच्या मुलाला फुकट औषध देणे, हे एका हाताने मारून दुसऱ्या हाताने गोंजारण्यासारखे आहे.

आणि वस्तीत एखादा रोग निघाला तर 'यांनीच आणला' अशी आवई उठू देऊ नये. अशी आवई उठली की रोगी लपतात, आणि लपलेला रोगी साऱ्या गावाला महाग पडतो.

डॉक्टर मित्रांना एवढीच विनंती, की दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्याच भेटीत ठरवून द्यावी आणि ती कागदावर लिहून हाती ठेवावी. पहिल्या दिवशी जीव वाचवा, दुसऱ्या भेटीत लसी आणि तपासण्या करा, तिसऱ्या भेटीत जुने आजार आणि मन पाहा. तीन भेटींनंतर ते कुटुंब आपले नेहमीचे रोगी होते. मग त्यांच्याही घरी इतरांसारखीच सर्दी, खोकला, बाळंतपणे आणि म्हातारपणची गुडघेदुखी. आपल्या गावातील दवाखान्याच्या वहीत त्यांचे नाव इतर नावांच्या ओळीत यावे, एवढेच आम्हांला हवे आहे.